जाळीबाहेरचा चेंडू

आमचे हे फौजेत सुभेदार होते. नोकरीची शेवटची काही वर्षं एका मोठ्या छावणीत गेली. तिथल्या गोल्फच्या मैदानाची देखभाल यांच्याकडे होती. गवत किती कापायचं, पाणी कधी सोडायचं, कुठल्या माळ्यानं कुठं काम करायचं, सगळं हेच बघत. बघता बघता स्वतःही खेळायला शिकले, आणि चांगलं शिकले. संध्याकाळी साहेब लोक निघून गेले की मैदान मोकळं पडायचं. आमचं क्वार्टर त्याच्या कडेलाच होतं. एक दिवस मला म्हणाले, "घरात बसून काय करायलीस? चल." लेक शिकायला बाहेरगावी गेलेली, मला तरी दुसरं काय काम होतं? पदर खोचला आणि गेले.

पहिले काही चेंडू जागचे हललेच नाहीत. मग एक असा काही उडाला की मी काठी हातात धरून तो खाली पडेपर्यंत बघत राहिले. हातांना काही जाणवलंच नाही, फक्त आवाज आला. त्या आवाजासाठी मी रोज जायला लागले.

निवृत्त होऊन आम्ही गावी आलो. मांजरसुंब्यापासून थोडं आत, डोंगरावर आमचं गाव. मुरमाड माळ, सीताफळीची झुडपं, उताराला तुरीची आणि सोयाबीनची रानं. शेती थोरले दीर आणि थोरल्या जाऊबाई बघतात, त्यांना मी आक्का म्हणते. आल्यावर वर्षभरातच घाटात यांची मोटारसायकल घसरली आणि डावा खांदा निखळला. डॉक्टरांनी बसवला, पण हात डोक्याच्या वर जाईना. खेळ तिथंच थांबला. त्याबद्दल यांनी कधी तोंडातून शब्द काढला नाही. एका सकाळी उठून घरामागं खांब रोवायला लागले. दिरांकडचं रोपांवर सावलीला ताणायचं जुनं शेडनेट आणलं, दुहेरी करून खांबांना ताणून बांधलं. मांडववाल्याकडून हिरव्या गालिच्याचा तुकडा आणून खाली अंथरला. जाळीच्या मधोमध लाल चिंधी बांधली आणि मला म्हणाले, "आता तू मार."

रोज संध्याकाळी हे खुर्ची टाकून बसायचे. शेजारी चेंडूंची बादली. मी सात नंबरची काठी घेऊन उभी राहायचे आणि यांचं सुरू व्हायचं. "डोकं खाली. घाई न्हाई. डावा हात सरळ. हां, आता सोड." एक चेंडू झाला की दुसरा, तिथूनच, तसाच, त्याच काठीनं. सहा महिन्यांत अशी वेळ आली की चेंडू सारखे त्या चिंधीवरच आदळायला लागले. हे खुर्चीतून म्हणायचे, "लई भारी!" ते ऐकलं की मला वाटायचं, मला गोल्फ येतं.

मग माजी सैनिकांच्या मेळाव्याचं बोलावणं आलं. शेजारच्या जिल्ह्यातल्या छावणीत मेळावा होता. त्यात घरच्या बायकांसाठी नऊ होलांचा, म्हणजे झेंडा लावलेल्या नऊ भोकांत एकेक करून चेंडू पोचवायचा सामना ठेवला होता. यांनी मला न विचारता माझं नाव दिलं. मीही नको म्हणाले नाही.

माझ्यासोबत खेळायला दोघी होत्या. एक कुठल्यातरी मोठ्या साहेबांच्या पत्नी, आणि दुसऱ्या फौजेतल्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. नर्सबाई हसऱ्या होत्या. घरच्यांनी मैदानात सोबत यायचं नाही आणि बाहेरून काही सांगायचं नाही, असा नियम होता. हे मंडपात बसले. माझी पाळी आली. मी चेंडू ठेवला, काठी धरली आणि उभी राहिले. मागं लोक गप्प झाले. पायाखालची जमीन थोडी उतरती होती. समोर जाळी नव्हती, चिंधी नव्हती, मोकळं हिरवं मैदान लांबवर पसरलं होतं. मी तशीच उभी होते. कशाची वाट बघत होते, ते तेव्हा मला कळलं नाही. शेवटी मारला. काठी चेंडूच्या डोक्याला लागली आणि तो सरपटत थोडा पुढं जाऊन थांबला. उकिरड्यावर पाटी रिकामी करावी, तेवढ्या अंतरावर.

पुढं सगळं तसंच. एक चेंडू झाडात गेला, एक मैदानात मुद्दाम केलेल्या वाळूच्या खड्ड्यात. एक मारायला गेले तर काठी नुसती हवेतून फिरली. सहाव्या होलवर मी चेंडू उचलून खिशात टाकला आणि उरलेला खेळ त्या दोघींच्या मागं नुसती चालत राहिले. नर्सबाई म्हणाल्या, "होतं असं." त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, पण मला ते खूप लागलं.

 परतताना मांजरसुंब्याला ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा हे म्हणाले, "घरी तर बरोबर मारतीस."

"मारते ना."

"मग सराव कमी पडला. आता दुप्पट मारायचे."

मी दुप्पट मारायला लागले. चेंडू आधीपेक्षा नेमके चिंधीवर बसायला लागले. हे खूश होते. मला मात्र आत कुठंतरी खात्री वाटत नव्हती.

एका संध्याकाळी हे खांदा दाखवायला बीडला गेले होते आणि यायला उशीर होणार होता. मी एकटीच जाळीपुढं उभी राहिले. पहिला चेंडू खांबाला लागला. दुसरा गालिच्यावरच घरंगळला. तिसरा जाळीच्या वरून शेजारच्या रानात गेला. मी थांबले. खुर्चीकडं बघितलं, ती रिकामी होती. तेव्हा मला समजलं की मी काठी उचलून "डोकं खाली" हे शब्द ऐकू येण्याची वाट बघत होते. त्या दिवशी मैदानावरही मी हीच वाट बघत उभी होते. माझ्या हातात जे आलंय असं मला वाटत होतं, ते अर्धं यांच्या तोंडात होतं.

रात्रभर हा विचार डोक्यात राहिला. यांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. स्वतःचा खेळ गेलेला माणूस. त्याचं जे काही उरलं होतं ते त्या खुर्चीत होतं. पण मला ती सहाव्या होलनंतरची चाल परत चालायची नव्हती. तेवढं पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे खुर्ची उचलून निघाले तेव्हा मी म्हणाले, "आजपासून तुम्ही येऊ नका."

"म्हणजे?"

"मला एकटीला मारू द्या."

"माझ्यामुळं बिघडायलंय का?"

"तुमच्यामुळंच तर येतंय. पण तिथं तुम्ही नसता. तिथं कुणीच काही सांगत नाही."

यांनी खुर्ची खाली ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "बरं," आणि घरात गेले. त्यानंतर बरेच दिवस आमचं बोलणं जेवण, औषध आणि पाणी, एवढ्यावरच राहिलं. मी जाळीही सोडली. आक्कांना कांद्याच्या रोपावर टाकायला शेडनेट हवंच होतं, त्या घेऊन गेल्या. जाता येता हे त्या रोपवाटिकेकडं बघायचे आणि मान फिरवायचे. मला वाईट वाटायचं, पण मी माघार घेतली नाही.

आता सराव कुठं करायचा? गावाच्या वरच्या अंगाला गायरान आहे. खाचखळगे, दगड, वाळलेलं गवत, मधे बोरी आणि बाभळी, एका टोकाला कोरडा पडलेला पाझर तलाव. मी तीन काठ्या घेतल्या आणि एकच चेंडू. ठरवलं ते असं की एका जागेवरून दोनदा मारायचं नाही. मारला की त्याच्या मागं चालत जायचं, जिथं पडला असेल तिथूनच पुढचा मारायचा. खड्ड्यात असेल तर खड्ड्यातून.

आक्का शेळ्या घेऊन तिकडंच यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गाठलं.

"कावून गं, जाळी सोडून इकडं आलीस?"

"आक्का, जाळीत चेंडू कुठं गेला तेच कळत नाही."

"अन् हितं?"

"इथं शोधायला लागतो."

आक्का हसल्या. त्यांना खेळातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण त्यांना बोलायला लागतं. चेंडूच्या मागं चालताना त्या पुतणीच्या सोयरिकीबद्दल सांगायच्या, कुणाच्या बोअरला पाणी लागलं ते सांगायच्या, मधेच एखादी शेळी हाकलायला ओरडायच्या. मी त्यांना म्हणाले, "आक्का, आता पुढं कुठं मारायचं ते तुम्ही सांगा." त्यांना गंमत वाटली. "त्या बोरीपातूर मार." "आता त्या पांढऱ्या दगडाजवळ." कधी त्या मुद्दाम अवघड जागा सांगायच्या आणि मी काठी उचलली की विचारायच्या, "काय गं, भाजीला मीठ घातलंस का?"

सुरुवातीला फार वाईट गेलं. जाळीत चिंधीवर बसणारी बाई इथं दहा पावलांवरचा दगड चुकवत होती. उतारावर उभं राहिलं की चेंडू एकीकडं जायचा, गवतातून मारलं की दुसरीकडं. किती चेंडू सीताफळीच्या झुडपांत गेले ते गेलेच. घरी येताना रोज वाटायचं, जाळी परत आणावी. जाळीत निदान बरं वाटत होतं. पण मी स्वतःला सांगायचे की मला बरं वाटण्यासाठी सराव करायचा नाही, मला तिथं मारता येण्यासाठी करायचा आहे.

हळूहळू एक सवय लागली. चेंडूजवळ पोचले की आधी आक्कांचं बोलणं थांबवायचे. पायानं जमीन चाचपायचे, मऊ आहे की कडक. मग तोंडानं स्वतःला विचारायचे, "कुठं?" आणि बोट दाखवून उत्तर द्यायचे, "तिथं." एकदा ठरलं की बदलायचं नाही. हात सरळ आहे का, डोकं कुठं आहे, याचा विचार करायचा नाही. तिथं म्हटलं की ती जागा मनात धरून मारायचं. मारून झालं की आक्कांना म्हणायचे, "हां, मग काय झालं त्या सोयरिकीचं?"

गावात चर्चा झालीच. एक दिवस सरपंच मोटारसायकल थांबवून म्हणाले, "वहिनी, साप मारायला निघालात का काय?" गायरानाच्या खालच्या बाजूला रस्त्याकडेला मारुतीचा पार आहे. तिथं संध्याकाळी माणसं बसलेली असतात. मी त्यांना टाळून वरच्या बाजूनं जायचे. मग एका दिवशी वाटलं, आपण टाळतोय काय? मैदानावर मागं लोक उभे असतात म्हणूनही माझे हात आखडले होते. ते लोक इथं फुकट बसलेत.

दुसऱ्या दिवशी मी सरळ पारासमोर गेले आणि चेंडू ठेवला. बोलणं थांबलं. कुणीतरी खाकरलं. एकजण दबक्या आवाजात काही म्हणाला आणि दुसरा त्याला म्हणाला, "गप बस बे, मारू दे त्यान्ला." मी पाय रोवले. कुठं? तिथं, त्या बाभळीच्या डाव्या हाताला. मारला. चेंडू बाभळीतच गेला. मागं हसू फुटलं. मी काठी उचलली आणि चेंडूच्या मागं चालायला लागले. त्यानंतर रोज पहिला चेंडू पारासमोरूनच मारायचा, असा नेम केला. महिन्याभरात त्या माणसांना त्यात काही नवं राहिलं नाही. मी आले तरी त्यांचं राजकारण चालूच राहायचं आणि मला त्यांच्या आवाजाची सवय झाली.

एका सकाळी अंगणात झाडायला गेले तर ओट्याच्या कठड्यावर चेंडू मांडून ठेवलेले. धुतलेले, पुसलेले. सीताफळीत हरवलेले माझेच चेंडू होते ते. हे पहाटे फिरायला जातात.  त्या दिवशी मी चहा दिला तेव्हा हे म्हणाले, "तिकडं तलावाच्या बाजूला काटे लई हायत. बूट घालून जात जा."

पुढच्या वर्षीचं बोलावणं आलं तेव्हा नाव मी दिलं. आक्का म्हणाल्या, "मी बी येते. खरं गायरान बघू दे एकदा." गाडी यांनी चालवली. मैदानावर उतरल्यावर आक्का बराच वेळ त्या हिरवळीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढं गवत, अन् एक म्हस न्हाई?" हे हसले. यांना मोठ्यानं हसताना मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

या वेळीही सोबत नर्सबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं. पाळी आली, मागं लोक गप्प झाले.  मी पायानं जमीन चाचपली. कुठं? तिथं, उजवीकडच्या लांबच्या झाडाच्या रेषेत. मारला. फार सुंदर नव्हता, थोडा वाकडा गेला, पण गेला. उडून गेला. नर्सबाई म्हणाल्या, "अरे वा!" आणि मी त्यांना त्यांच्या नातवंडांबद्दल विचारत चालायला लागले.

तिसऱ्या होलवर चेंडू एका जाड झाडामागं जाऊन बसला. झेंडा समोर दिसत होता, फांद्यांमधून वाट होती, अरुंद. जाळीतल्या दिवसांत मी तिथूनच जोरात मारला असता. मी विचारलं, कुठं? आणि उत्तर आलं, बाजूला, मोकळ्यात. लहानसा फटका देऊन चेंडू आडवा काढला. एक फटका वाया गेला, पण पुढचा सरळ झेंड्याकडं गेला.

पाचव्या होलवर मात्र वाळूत अडकले. मारायचे आणि वाळू उडायची, चेंडू परत पायाशी. किती वेळा ते सांगण्यात अर्थ नाही. साहेबांच्या पत्नी गेल्या वर्षीसारख्याच आमच्यासोबत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "उचलून घेतलात तरी चालेल." मी म्हणाले, "नाही, काढते." शेवटी काढला. त्या होलची गत सांगण्यासारखी नव्हती. पण सहाव्याच्या सुरुवातीला मी चेंडू ठेवून उभी राहिले. मागून पुरुषांचा एक गट येऊन आमचं होण्याची वाट बघत थांबला होता, आपसात बोलत. मी त्यांच्या आवाजाकडं लक्ष दिलं नाही. बोट दाखवलं आणि मारला. दिवसातला सगळ्यात चांगला चेंडू तोच होता.

शेवटचा होल मंडपाजवळ होता आणि तिथं बघणारे दोरीपलीकडं उभे होते. हेही होते, आक्काही. चेंडू झेंड्यापासून फार लांब नव्हता. मी पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलायची काठी, घेऊन वाकले. वर बघितलं तर यांचे ओठ हलत होते. मग यांनी तोंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. पहिला फटका होलच्या कडेवरून पुढं गेला. दुसरा आत पडला.

नंबर आला नाही. नर्सबाई पहिल्या आल्या, आणि त्या खेळल्याही तशाच. मी मधेच कुठंतरी होते. पण नऊच्या नऊ होल मी पुरे केले होते. चेंडू खिशात गेला नव्हता.

परतताना ढाब्यावर जेवायला थांबलो. पिठलं-भाकरी आली. हे भाकरी मोडता मोडता म्हणाले, "तिसऱ्याला झाडामागून आडवा कावून काढलास?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"मंडपाच्या मागून ते झाड दिसतंय."

"सरळ मारला असता तर फांदीला लागला असता, असं वाटलं."

यांनी भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवला. "मी असतो तर सरळच मार म्हणलं असतं," म्हणाले. मग म्हणाले, "अन् फांदीला लागला असता."

आक्का म्हणाल्या, "भाऊजी, कांदा घ्या," आणि यांच्या ताटात कांदा टाकला.

माझ्या डोक्यात मात्र ती वाळूच होती. घरी येईपर्यंत तेच. आमच्या गायरानात सगळं होतं, उतार, दगड, काटे, बघणारी माणसं. वाळू नव्हती. दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा अंग दुखत होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराचं बांधकाम चाललंय. समोर चाळलेल्या वाळूचा ढीग असतो. घरमालकाला विचारून आले. तो म्हणाला, "वहिनी, वाळू रस्त्यावर जाऊ देऊ नका म्हंजे झालं."

मी ढिगाच्या उताराला चेंडू टाकला आणि तिरप्या तोंडाची काठी घेऊन वर चढले. पाय घोट्यापर्यंत रुतले. हे माझ्या मागोमाग आले होते आणि रस्त्याच्या पलीकडं, भिंतीला टेकून उभे होते. मी एकदा काठी मारली, वाळू उडाली, चेंडू तिथंच. परत मारली, तसंच.

"बोलू का?" यांनी तिथूनच विचारलं.

मी काठी टेकवून उभी राहिले. "बोला," म्हणाले. "वाळूतलं मला काहीच येत नाही. सगळं सांगा. आठ दिवस सांगा, मग मात्र थांबा."

हे रस्ता ओलांडून आले, चपला बाजूला काढल्या आणि अनवाणी वाळूत उभे राहिले. "चेंडूला मारायचंच न्हाई," म्हणाले. "त्याच्या मागं, चार बोटं अलीकडं, वाळूला मार."